ऐकून घेणारा वाटसरू



आज पुनरुत्थान काळातील तिसरा रविवार. एम्माऊसच्या वाटेवरचे शुभवर्तमान (लूक २४:१३-३५) आपण आज मिस्साबलिदानात ऐकले. ह्या उताऱ्यावर बोलताना आम्ही धर्मगुरू बहुधा भाकर मोडण्याच्या प्रसंगाकडे धाव घेतो, आणि ते योग्यच आहे. ह्या वेळी मात्र त्याच्या बरेच अलीकडे, वाटेवरच, थोडे थांबायचे आहे.

दोन शिष्य यरुशलेमकडे पाठ करून निघाले आहेत. येशू त्यांना गाठतो आणि तुम्ही कशाविषयी बोलत चालला आहात, असे विचारतो. क्लयपा जवळजवळ वैतागतो. साऱ्या शहराला जे ठाऊक आहे ते ह्या एकट्यालाच कसे ठाऊक नाही? त्यावर येशू पुन्हा विचारतो, काय घडले ते सांगा.

जे घडले ते त्याच्याच देहावर घडले होते. त्याच्याइतके ते कोणालाही ठाऊक नव्हते. तरी तो विचारतो, आणि त्यांचे सांगून होईपर्यंत मध्ये एक शब्दही बोलत नाही. लूकने त्यांच्या सांगण्याला चांगली सहा वचने दिली आहेत. त्यात दुःख आहे, मोडलेली आशा आहे, बायकांनी सांगितलेल्या गोष्टीवर न बसलेला विश्वास आहे. शास्त्र उलगडून सांगणे त्यानंतर येते. त्या वेळी तो त्यांना थोडे रागावतोही, पण ते आधी ऐकून झाल्यावर.

दुखावलेल्या माणसाबरोबर चालण्याची ही रीत आज आपल्याला एका खास दुखण्याच्या संदर्भात पाहायची आहे.

लहान मूल आपल्या एका-दोन माणसांना धरून असते. भूक लागली, भीती वाटली, ताप आला की ते त्यांच्याकडे धावते, तिथे शांत होते आणि मग पुन्हा खेळायला पळते. मानसशास्त्रात ह्या बंधाला अटॅचमेंट म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी फार जुना आणि गोड शब्द आहे, लळा. ज्याचा लळा लागला त्याच्याकडे मूल धावले आणि ते माणूस तिथे नव्हते. किंवा होते, पण खेकसले. किंवा कधी कुशीत घेई, कधी ढकलून देई, आणि आज काय होईल ह्याचा मुलाला अंदाजच येईना. असे पुन्हा पुन्हा घडले की आत एक जखम होते. शाळा पार पडते, नोकरी लागते, लग्नही होते, तरी ती जखम आपल्या जागी असते.

आपल्या धर्मग्रामातली घरे कष्टावर उभी राहिली आहेत. पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुले घेऊन मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या आया, आखातात राबणारे आणि दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर येणारे वडील, आजीकडे, मावशीकडे किंवा बोर्डिंगात वाढलेली मुले. कोणी दुष्टपणाने असे केले नाही. आईच्या टोपलीतूनच मुलांची फी भरली गेली, घरावर स्लॅब पडला. पण पहाटे जाग आल्यावर अंथरुणात आईची जागा चाचपणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला फी आणि स्लॅब कळत नाही. जागा थंड आहे, एवढेच कळते.

ह्या विषयात ज्यांनी जगाचे डोळे उघडले त्यांतल्या एकाची हकिकत सांगण्यासारखी आहे. जेम्स रॉबर्टसन हे मूळचे स्कॉटलंडचे गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धात आना फ्रॉइड ह्यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी बालगृह चालवले होते. तिथे रॉबर्टसन बॉयलर सांभाळण्याचे आणि पडेल ते काम करीत. बाईंचा नियम असा होता की, मुलांविषयी जे दिसेल ते प्रत्येक कामगाराने कागदावर लिहून ठेवायचे, मग तो बॉयलरवाला का असेना. (आपल्या कार्यालयातही असा एक नियम असायला हरकत नाही, असे आम्हाला कधी कधी वाटते.) अशा रीतीने त्या माणसाला मुलांकडे पाहण्याची सवय लागली. पुढे १९४८ मध्ये ते डॉ. जॉन बोल्बी ह्यांच्याबरोबर काम करू लागले. लळ्याचा सिद्धांत मांडणारे ते हेच बोल्बी. त्यांची स्वतःची लाडकी दाई ते चार वर्षांचे होण्याच्या सुमारास घर सोडून गेली होती.

त्या काळी इंग्लंडमधल्या पुष्कळ इस्पितळांत आजारी मुलांना भेटायला आईवडिलांना फार थोडा वेळ मिळे. कुठे आठवड्यातून एकदाच. कारण असे सांगत की, आईबाप आले की मुले रडतात, एरवी शांत असतात. रॉबर्टसन ह्यांनी ती शांतता जवळून पाहिली. त्यांना तिच्यात तीन पायऱ्या दिसल्या. पहिल्यांदा मूल आकांत करते. मग हताश होऊन पडून राहते. आणि शेवटी ते ‘रुळते’. परिचारिकेकडे पाहून हसते, दिलेले खाते, आणि आई आली तरी तिच्याकडे फारसे पाहत नाही. इस्पितळाच्या दृष्टीने मूल आता बरे होते. रॉबर्टसन ह्यांच्या दृष्टीने मुलाने आशा सोडून दिलेली होती.

त्यांच्या म्हणण्यावर डॉक्टरांचा विश्वास बसेना. म्हणून १९५२ मध्ये त्यांनी हातात धरायच्या कॅमेऱ्याने एक मूक फिल्म काढली. तिच्यात लॉरा नावाची दोन वर्षांची मुलगी एका लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात आहे. लॉरा मोठ्याने रडत नाही, आणि पाहणाऱ्याला तेच असह्य होते. ती हुंदका गिळते, चेहरा सावरते, मध्येच हळू आवाजात आईविषयी विचारते. आई भेटायला येते तेव्हा ती तोंड फिरवते. घरी जायच्या दिवशी आपल्या साऱ्या वस्तू गोळा करते, पण आईचा हात धरत नाही. फिल्म पाहून अनेक डॉक्टर चिडले. तरी सात वर्षांनी, १९५९ मध्ये, ब्रिटनच्या सरकारी समितीने मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना मोकळेपणाने येऊ द्यावे अशी शिफारस केली. आज आपल्या इस्पितळांत मुलाच्या खाटेशेजारी आई झोपते, त्यामागे त्या बॉयलरवाल्याच्या नजरेचाही वाटा आहे.

आपल्याकडे अशा मुलांना आपण ‘शहाणे’ म्हणतो. पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगतो, ह्याने कधी त्रास म्हणून दिला नाही.

शहाणी मुले मोठी होतात. पापनिवेदनात ऐकलेले काहीही आम्ही कधी कुठे लिहिणार नाही, हे सांगायची गरज नाही. खाली लिहितो ते अनेक घरांत, अनेक वर्षांत ऐकलेल्या बोलण्यांचे मिश्रण आहे. कोणी त्यात शेजाऱ्याला शोधू नये. एक पन्नाशीचे गृहस्थ. घर, पगार, वागणे, कशातही खोट नाही. पत्नी म्हणते, हे घरात पेइंग गेस्टसारखे राहतात. मुलीने गळ्यात हात टाकला की त्यांचे अंग ताठ होते. दुखले तर सांगत नाहीत, इस्पितळात न्यावे लागते तेव्हाच कळते. दुसऱ्या घरी एक भगिनी. नवऱ्याची गाडी अर्धा तास चुकली तर ती दहा फोन करते, आणि तो दारात आला की सुटकेचा श्वास टाकण्याऐवजी भांडण काढते. भांडण झाल्यावर स्वतःच रडते. ह्या दोघांना आपण स्वभाव म्हणून सोडून देतो. एक माणूसघाणा, दुसरी संशयी. पण पहिला लॉराच्या तिसऱ्या पायरीवर आहे आणि दुसरी अजून पहिल्या पायरीवर आकांत करते आहे, असे म्हणून पाहिले तर?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मार्टिन बुबर (१८७८-१९६५) हा ज्यू विचारवंत आमच्या अभ्यासात होता. ‘मी आणि तू’ हा त्याचा ग्रंथ १९२३ चा. माणूस ‘मी’ होतो तो कोणाला तरी मनापासून ‘तू’ म्हटल्यावर, असा त्याचा गाभा. हा विचार बुबरला पुस्तकांतून सुचला असेल असे पूर्वी वाटायचे. त्याने आपल्या आठवणी लिहिल्या आहेत, त्या वाचल्यावर तो कुठून आला ते समजते. बुबर तीन वर्षांचा असताना त्याच्या आईवडिलांचे लग्न मोडले आणि आई निघून गेली. त्याला आजीआजोबांकडे ठेवले. आईविषयी घरात कोणी अक्षर काढीत नसे, आणि विचारायचे त्याला धैर्य नव्हते. एके दिवशी घराच्या सज्जात शेजारची एक मोठी मुलगी त्याला सहज सांगून गेली की, तुझी आई आता कधीच येणार नाही. त्या क्षणासाठी त्याने पुढे स्वतःचा एक जर्मन शब्द बनवला. त्याचा अर्थ होईल ‘हुकलेली भेट’. वीस-एक वर्षांनी आई त्याला, सुनेला आणि नातवंडांना भेटायला आली. तेव्हाही तिच्या डोळ्यांत पाहताना त्याला तोच शब्द ऐकू येत राहिला. भेट म्हणजे काय हे साऱ्या जगाला सांगणाऱ्या माणसाची पहिली भेट हुकलेली होती.

हाच बुबर १९५७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या व्यासपीठावर कार्ल रॉजर्स ह्यांच्याशी जाहीर संवाद करायला बसला. रॉजर्स (१९०२-१९८७) तरुणपणी धर्मसेवेच्या विचाराने न्यूयॉर्कच्या एका सेमिनरीत दोन वर्षे होते, मग ती वाट सोडून मानसशास्त्राकडे वळले. समुपदेशन म्हणजे सल्ला देणे, हा समज त्यांनी मोडला. त्यांचे म्हणणे असे की, ऐकणाऱ्यात तीन गोष्टी हव्यात. त्याने मुखवटा घालू नये. समोरच्याचा त्याने अट न घालता स्वीकार करावा. आणि समोरच्याचे जग त्याच्या जागेवरून पाहावे. ह्या तिसऱ्या गोष्टीला मराठीत समानुभूती म्हणतात. ती सहानुभूतीहून वेगळी आहे. सहानुभूती ‘अरेरे’ म्हणते आणि घड्याळाकडे पाहते. त्या दिवशी दोघांचे एका मुद्द्यावर जमले नाही. त्या क्षणी मदत करणारा आणि मदत घेणारा बरोबरीचे असतात, असे रॉजर्सना वाटे. बुबर म्हणे, नाही. एकजण मदतीसाठी आला आहे आणि दुसरा नाही, हा फरक पुसता येत नाही. आमचे मत बुबरकडे झुकते. मूलही आईच्या बरोबरीचे नसते, म्हणून तर ते तिच्यावर विसंबते.

मग समुपदेशकाच्या खोलीत होते तरी काय? ‘नुसते बोलून काय होणार, फादर?’ हा प्रश्न आम्हाला फार वेळा ऐकावा लागतो. नुसते बोलून काही होत नाही, हे खरे आहे. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, त्याच खुर्चीत एक माणूस आपली वाट पाहत असते, हे आधी घडते. ज्याला कोणाची खात्रीच कधी वाटली नाही तो ह्याची परीक्षा घेतो. उशिरा येतो. एखादा आठवडा येतच नाही. काही सांगून टाकल्यावर पुढच्या वेळी तुटक बोलतो. समुपदेशक रुसत नाही, ओरडत नाही, आणि ‘मागच्या वेळी तुम्ही पुष्कळ सांगितलेत, आज ते जड होत असेल का?’ असे विचारतो. मग कधी तरी समुपदेशक दोन आठवडे रजेवर जातो. परत आल्यावर आमचे ते पन्नाशीचे गृहस्थ म्हणतात, मला काही फरक पडला नाही. समुपदेशकाला ही लॉरा ओळखू येते. तो हळूच म्हणतो, ‘दोन आठवडे तुम्हाला सांगायला कोणी नव्हते.’ आणि ज्या माणसाने बापाच्या मातीलाही डोळे ओले केले नाहीत, त्याच्या गळ्यात हुंदका येतो.

जखम माणसाच्या नात्यात झाली, ती भरतेही माणसाच्या नात्यात. बोल्बींनी आपल्या १९८८ च्या पुस्तकात समुपदेशकाचे पहिले काम हेच सांगितले आहे: त्याने टेकायची भक्कम जागा व्हावे, म्हणजे तिथे टेकून माणूस आपल्या आयुष्यातल्या अवघड खोल्यांत डोकावू शकतो. ह्याला महिने लागतात, कधी वर्षे. शिवाय तो समुपदेशकही चुकतो, गैर समजतो. पण चुकल्यावर तो परत येतो आणि विचारतो, हे त्या मुलाला पूर्वी कधी मिळालेले नसते. काहींना जोडीला मनोविकारतज्ज्ञाचे औषधही लागते. ते रक्तदाबाच्या गोळीइतकेच लाजिरवाणे आहे, म्हणजे अजिबात नाही.

आता आपल्यातल्या काही अडचणी. ‘जपमाळ कर, सारे ठीक होईल’ असे आपण पटकन म्हणून मोकळे होतो. जपमाळ जरूर करावी. पण रडणाऱ्या माणसाला ती देऊन निघून जाणे म्हणजे प्रार्थना करणे नव्हे, तो पळ काढणे आहे. दुसरे म्हणजे पापनिवेदन. तिथे आपण केलेले पाप आणतो. बालपणी आपल्याला झालेली जखम हे आपले पाप नाही, म्हणून ती तिथे पुन्हा पुन्हा मांडूनही माणूस हलका होत नाही. शिवाय मागे पंधरा जणांची रांग असते.

सर्वांत कठीण अडचण चौथ्या आज्ञेची. आईवडिलांचा मान राखायचा, तर त्यांच्यामुळे दुखले असे परक्यापुढे कसे बोलायचे? ह्या प्रश्नाने अनेकांची तोंडे आयुष्यभर बंद राहिली आहेत. क्रुसावर आपल्या प्रभूने काय केले ते आठवा. आपण टाकले गेलो आहोत, हे त्याने आपल्या पित्यालाच मोठ्याने विचारले, चारचौघांत, शत्रूंच्या देखत. त्यासाठी त्याने २२ वे स्तोत्र ओठांवर घेतले. त्याच स्तोत्रात थोडे पुढे आईच्या उदराची आणि तिच्या अंगावर पीत असतानाच्या विश्वासाची आठवण आहे. सोडून दिल्याची हाक आणि लळ्याची आठवण, दोन्ही एकाच प्रार्थनेत. पुत्राच्या त्या प्रश्नाने पित्याचा अवमान झाला, असे ख्रिस्तसभेने कधी म्हटलेले नाही. आणि क्षमा? ती हवीच. पण काय झाले हे ज्याने अजून उच्चारलेच नाही, त्याच्याकडून उद्याच्या उद्या क्षमा मागून घेणे म्हणजे पू आत ठेवून पट्टी बांधणे.

२०२५ मध्ये प्रभूघरी गेलेल्या पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘प्रेमाचा आनंद’ ह्या २०१६ च्या पत्रात (परिच्छेद २३९-२४०) लिहिले आहे की, विनाअट प्रेमाचा अनुभव न घेताच अनेकजण बालपणातून बाहेर पडतात, आणि न भरलेले ते घाव पुढे संसारात वर येतात. त्यावर उपचार व्हायला हवेत, असेही ते स्पष्ट म्हणतात. त्यांनी स्वतः बेचाळिसाव्या वर्षी अर्जेंटिनात सहा महिने, दर आठवड्याला, एका ज्यू स्त्री मनोविश्लेषकाकडे जाऊन काही गोष्टी स्वतःसाठी स्पष्ट करून घेतल्या होत्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींच्या पुस्तकात त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले. पोपना चालते ते आपल्याला चालायला हरकत नसावी.

ह्या चर्चमध्ये पहिल्या बाकांवर बसणाऱ्या वृद्ध आयांनो, तुम्हाला हे वाचताना टोचत असेल. हे तुमच्यावरचे आरोपपत्र नाही. तुमच्या डोक्यावर टोपली होती, आणि ती उतरवून तुमचे ऐकायलाही कोणी बसले नव्हते. तुमचा चाळीस वर्षांचा मुलगा कधी म्हणाला, ‘आई, तेव्हा मला फार एकटे वाटायचे,’ तर आम्ही किती खस्ता खाल्ल्या त्याचा हिशेब त्या वेळी काढू नका. तो हिशेब खरा आहे, त्यालाही ठाऊक आहे. ‘सांग बाबा’ एवढेच म्हणा. मग एखाद्या दिवशी तुमचेही सांगा.

जुन्या करारात एक मुलगा आहे, मफीबोशेथ, योनाथानाचा पुत्र (२ शमुवेल ४:४ आणि अध्याय ९). युद्धात बाप पडल्याची बातमी आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला वाचवण्यासाठीच दाई त्याला उचलून पळाली, आणि घाईत तो तिच्या हातून पडला. दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे मोठेपणी दावीद राजाने त्याला शोधून काढले. तो घाबरत आला, स्वतःला मेलेला कुत्रा म्हणाला. दावीदाने त्याला भिऊ नको म्हटले आणि रोज आपल्या पंगतीला बसवले, राजपुत्रासारखे. अध्यायाच्या शेवटच्या वचनात पवित्र लेखक दोन गोष्टी एकत्र सांगतो: तो नेहमी राजाच्या मेजावर जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता.

ह्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी चार ते सहा ह्या वेळेत प्रशिक्षित समुपदेशक सिस्टर चर्चच्या जुन्या शाळेतल्या पहिल्या खोलीत बसतील. नाव नोंदवावे लागणार नाही. खोलीला वाडीच्या बाजूनेही दार आहे, ते उघडे असेल. कार्यालयासमोरून यायला नको वाटत असेल त्यांनी तिकडून यावे. पैसे नाहीत. तिथे जे बोलाल ते आम्हालाही कळणार नाही. ज्यांना रात्री-अपरात्री बोलण्याची गरज वाटेल त्यांच्यासाठी भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे. मराठीतही बोलता येते. क्रमांक कापून फ्रीजवर लावून ठेवा. घरात कोणी विचारले तर फादरांनी सांगितले म्हणा.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू